घरपोच मत

जीप दारात थांबली तेव्हा तानुबाईला वाटलं, मतदानाचा दिवस उजाडला आणि आपल्याला कोणी सांगितलंच नाही. तिने घाईघाईने केसांवरून फणी फिरवली आणि निकामी पाय हातांनी उचलून खाटेच्या कडेला सोडले.

"वंदना, माहं हिरवं लुगडं दे वं," तिने सुनेला हाक मारली.

"लुगडं कायले, माय? कुठी जायचंच नाही," तिचा मुलगा भगवान आत येत म्हणाला. त्याच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. "साहेबलोकच घरी आले. तुले आता खाटेवर बसूनच मत द्यायचं. मी अर्ज करून ठेवला होता."

त्याच्यामागून एक मॅडम, एक कारकून, एक पोलीस आणि कॅमेरावाला असं लटांबर आत शिरलं. मॅडमनी स्टुलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. दाराशी गल्ली गोळा झाली. एवढा मान गावात दुसऱ्या कोणाला मिळाला नव्हता.

पोराचं तरी काय चुकलं? मागच्या वेळी आईला पाठीवर घेऊन शाळेच्या पायऱ्या चढताना त्याच्या कमरेत उसण भरली होती, आणि तरी तो एका शब्दाने बोलला नव्हता.

"मले शाळेतच जायचं," तानुबाई म्हणाली.

"आजी, तुमचं नाव आता घरच्या मतदानात गेलं," मॅडम समजुतीने म्हणाल्या. "केंद्रावर तुम्हाला मत देता येणार नाही."

"नाही देत मत. नुसती बसतो तिथी."

दारातल्या बाया हसल्या. मॅडमही हसल्या. "मत नसलेल्या माणसाला तिथं थांबू देत नाहीत, आजी."

"तिथी असं काय ठेवलं हाय, माय?" भगवानने विचारलं.

तिथं शालू होती. तानुबाईची पाठची बहीण, त्याच गावात दिलेली. शेताच्या धुऱ्यावरून, हातभर बांधावरून, दोन्ही घरांत भांडण पेटलं, आणि एकमेकांच्या दारात पाऊल टाकायचं नाही अशी दोघींच्या नवऱ्यांनी त्यांना शपथ घातली. नवरे गेले, शपथ तेवढी राहिली. पोरंही तीच धरून बसली. पण शाळेतल्या बायांच्या रांगेत कोण कोणाजवळ बसलं हे कोण पाहतं? भगवान आईला व्हरांड्यात टेकवून चहाला जायचा. मग दोघी बहिणी हातात हात घेऊन बसायच्या. माहेरचं बोलायच्या, मेलेल्यांचं बोलायच्या. निवडणूक कोणाची आहे याच्याशी तानुबाईला कधी देणंघेणं नव्हतं. निवडणूक आली की तिला बरं वाटायचं, एवढंच.

भगवानला हे सांगावं कसं? तिने मुकाट्याने हात पुढे केला.

मॅडमनी कागद दिला. पुठ्ठ्याआड तिने पेन टेकवलं खरं, पण डोळे भरून आले होते. खूण कोणत्या चित्रापुढे पडली, ते तिला दिसलं नाही. कारकुनाने पाकीट चिकटवलं.

"आजी, जरा इकडं बघा. हसा," कॅमेरावाला म्हणाला.

"नशीबवान आहात," सामान आवरताना मॅडम म्हणाल्या. "आता पुढच्या वेळीही आम्हीच येऊ."

तेव्हा तानुबाईचा धीर सुटला. तिने मॅडमच्या साडीचा काठ मुठीत धरला.

"बाई, मतदानाच्या दिवशी शाळेत तुमीच राहसान का?"

"नाही, माझी ड्युटी दुसऱ्या गावात आहे. का?"

तानुबाईने दाराकडे पाहिलं. भगवान तिथंच उभा होता. ज्या घराचं नाव या घरात निघत नव्हतं, ते आज पोरासमोर घ्यावं लागणार होतं.

"मंग जे कोणी राहतीन त्यायले सांगजा," ती म्हणाली. "शालूबाई नावाची एक म्हातारी लाइनीत बसन. माही वाट पाहत मांगून येणाऱ्या सगळ्या बायायले पुढं सोडत बसन. तिले म्हणा, तुह्या बहिणीनं मत देऊन टाकलं. तू आपलं दे, अन् घरी जाय."