धुळ्याहून येणारं पान

"आजपासून पान आपोआप बाहेर पडणार नाही, नाना," मोनालीने दुसऱ्यांदा समजावलं. "ज्याने प्रिंट दिली त्यानेच मशीनपाशी यायचं आणि आपला पिन दाबायचा. तोवर पान रांगेत थांबणार."

कौतिकनाना चहाचा ट्रे धरून तसेच उभे राहिले. जळगावच्या त्या बियाणे कंपनीत ते शिपाई होते.

"मंग धुळाथून येस ते पान?"

"त्यालाही तोच नियम."

मोनाली महिन्याभरापूर्वीच फैजपूरहून इथे नोकरीला आली होती. जळगाव आणि धुळे, दोन्ही शाखांच्या प्रिंटरचा गोंधळ निस्तरायचं काम तिच्याकडे होतं. कुणाची प्रिंट कुठेही निघायची आणि कागद वाया जायचे. त्यातच तिला हे पान सापडलं. रोज संध्याकाळी धुळे शाखेच्या ललितच्या नावाने एक पान इथे पडायचं. वर नाव आणि तारीख, खाली सगळं कोरं. नाना ते घडी घालून खिशात ठेवायचे.

ललित नानांचा एकुलता एक. त्याने मनासारखं लग्न केलं आणि बापलेकांचं बोलणं तुटलं. फोन नाही, दिवाळीला येणं नाही. घरी त्याची आई ताईबाई लकव्याने खाटेला खिळलेल्या. त्या पानावरच्या नावावरून हात फिरवायच्या, पोरगा खुशाल आहे म्हणायच्या आणि मगच चार घास खायच्या. हे सगळं नानांनीच एकदा सांगितलं होतं.

मोनालीला त्या ललितचा भयंकर राग यायचा. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, असला मेला पोरगा! कोरा कागद पाठवायला सवड आहे, आईला बघायला नाही.

"याची इथे प्रिंट काढायची परवानगी काढून टाकू का?" तिने हेडक्लार्क रतिलालभाऊंना विचारलंही होतं.

"राहू दे," ते तोंड फिरवून म्हणाले. "एका पानाने कंपनी बुडत नाही."

आता मात्र वरूनच हुकूम आला होता. ज्याने त्याने आपल्या कॉम्प्युटरच्या खात्यातून पिन ठरवून घ्यायचा होता.

"तेन्हं एकलं नाव सोडी दे ना, बेटा," नाना अजिजीने म्हणाले.

"नाही जमणार, नाना. बोलवा त्याला इकडे. त्या निमित्ताने आईला तरी भेटेल."

नाना कप गोळा करून निघून गेले. त्यांचा पडलेला चेहरा बघून तिला वाईट वाटलं, पण ती तरी काय करणार?

संध्याकाळी कचेरी रिकामी झाली. मशीनच्या पडद्यावर ललितचं नाव आलं. एक पान, पिनची वाट पाहत. पडून राहू दे, मोनालीच्या मनात आलं. आई जेवली नाही म्हणजे तरी पोराला पाझर फुटेल. तिने पर्स उचलली.

तेवढ्यात रतिलालभाऊंच्या खोलीतला कॉम्प्युटर बंद करून नाना आले. हात सदऱ्याला पुसून त्यांनी पडद्यावर एकेक आकडा दाबला. पान बाहेर पडलं.

"नाना, त्याचा पिन तुम्हाला... म्हणजे रोज तुम्हीच?" तिने पर्स खाली ठेवली. "मग ललित?"

नानांनी पानाची घडी घातली.

"गया सालना पोळाले तेन्हा चितेले आग मीच दिधी, बेटा. तेन्ही मायले आजून सांगेल नही."