दोनच शब्द भरलेली बाई

माझी लेक शिकाऊ डॉक्टरांसाठी रबराची बाई बनवते. मी सुनावलं, "एवढं शिकून बाहुल्याच खेळतेस की."

लेक हसली. तिनं टेबलावरच्या बाईच्या पोटावर मुद्दाम चुकीच्या जागी सुरी चालवली.

"आई गं," बाई कळवळली. हुबेहूब लेकीचा आवाज.

सवयीनं मी ओ दिली, "काय गं बाळा?"

"अगं, माझाच आवाज भरलाय. दोनच शब्द."

"आई, हिला थांबव," टेबलावरून ऐकू आलं.

लेकीनं ऐकलंच नाही जणू. तिनं सुरी पुन्हा टेकवली. खरी कोण, मला कळेना. माझी पोर लहानपणापासून भारी हळवी, जरा लागलं की ओरडायची, म्हणून मी लेकीच्या दंडाला करकचून चिमटा काढला.

ती नुसती बघत राहिली.

"आई गं," टेबलावरची म्हणाली.