तिकडे राहणारं कुणीतरी

"पुढचं कोण?" हिल्वेनं विचारलं. बाकावर एकच माणूस उरला होता, तरी सवयीनं विचारलं.

"मीच. आता रांगही मीच आणि गर्दीही मीच," म्हणत तो उठला. बुटांखाली खडी करकरली. हिवाळाभर बर्फाळ रस्त्यांवर घसरू नये म्हणून टाकलेली बारीक खडी मे महिना आला तरी तुर्कूच्या लोकांच्या पायांना चिकटून घरोघर फिरत असते.

महिन्याच्या पहिल्या रविवारी, एस्टोनियन प्रार्थना संपली की हिल्वे चर्चच्या मागच्या खोलीत टेबल मांडून बसे. ओळखपत्राची मुदत संपली, पोराच्या जन्माची नोंद राहिली, तिकडचं मत इथून कसं द्यायचं. समुद्र ओलांडून फिनलंडला आलेल्या आपल्या माणसांना ती सगळं समजावून सांगे. अडुसष्ट वर्षांच्या या बाईकडून अजून कुणी उत्तराविना परतलं नव्हतं.

या माणसाचं नाव ताइवो. छपरं घालायचं काम करायचा. त्यानं खिशातून घडी पडलेलं पत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं.

हिल्वेनं पत्र वाचलं नाही. वरची ओळ पाहूनच तिला कळलं.

"दफनभूमीचं आहे," ती म्हणाली. "वडील?"

"हो. म्हणे संपर्काची व्यक्ती कळवा, नाहीतर महिनाअखेर जागा बेवारस धरू. बेवारस! बापाला मी हयातीत नकोसा होतो, आता मेल्यावर माझ्यावाचून अडतंय."

"असं बोलू नये रे." तिनं हळूच म्हटलं आणि पत्राखालच्या अर्जावर बोट ठेवलं. "इथं नाव लिही. एस्टोनियात कायम राहणारं कुणीतरी हवं. नातेवाईकच पाहिजे असं नाही. फोन लागला की उचलणारं माणूस असलं म्हणजे झालं."

ताइवोनं तिथंच गावाकडच्या मित्राला फोन लावला.

"उर्मो, ऊठ. माझ्या बापाला दत्तक घे."

"तुझा बाप तुझ्यापेक्षा बरा होता," पलीकडून झोपाळलेला आवाज आला. "घेतो. पण उन्हाळ्यात कबरींच्या रविवारी, सगळे आपापल्या कबरी आवरतात तेव्हा येशील ना, दंताळं तुझं तू आणायचं. गेल्या वर्षी माझं मोडलंस."

"मोडकंच होतं ते!"

हसत हसत त्यानं नाव लिहिलं, नंबर लिहिला, सही केली. सगळ्याला दोन मिनिटंही लागली नाहीत.

"कबरीभोवतीच्या वाळूवर दंताळं नीट फिरवतोस ना?" हिल्वेनं विचारलं.

"फिरवतो की. आडवंतिडवं."

"आडवंतिडवं नाही. दगडापासून सुरुवात करायची आणि मागं मागं सरकत फाटकापर्यंत यायचं. आपलं पाऊल उमटलं की दंताळ्यानं पुसत यायचं. माझ्या आईची शिकवण आहे. आपण निघाल्यावर वाळू कशी, कुणी आलंच नव्हतं अशी दिसायला हवी."

"मग जाऊन उपयोग काय?"

हिल्वे हसली. "जिच्यासाठी जायचं तिला कळतंच."

ताइवोनं पिशवीतून अर्धा काळा पाव काढून तिच्यापुढं ठेवला. "जहाजावरून आणलाय. इथल्या पावाला चव नाही." मग दाराशी पोचून तो थांबला. "हिल्वेबाई, तुमच्या आईकडं कोण बघतं हो? तिकडं कोण आहे तुमचं?"

ती टेबलावरचे कागद जुळवत होती. कागद आधीच जुळलेले होते.

"आहे की," ती म्हणाली.

"मग बरंय. नाहीतर म्हटलं असतं, उर्मोला आणखी एक दत्तक देऊ."

ती काहीतरी बोलणार होती. ओठही हलले. पण तोवर बाहेरून त्याला कुणीतरी हाक मारली, आणि दार लागलं.

खोली शांत झाली. हिल्वेनं पावाचा एक तुकडा मोडला, खाण्याआधी डोळे मिटले, रोजच्यासारखं आईचं नाव घेतलं. मग पर्समधून तसंच एक पत्र काढलं. फेब्रुवारीत आलेलं, तिच्या गावच्या दफनभूमीचं. संपर्काच्या रकान्यात तिच्या भावाचं नाव लिहून खोडलेलं होतं. त्याखाली शेजारच्या लेम्बीचं, तेही खोडलेलं. मे महिना उजाडेपर्यंत दोघंही त्याच दफनभूमीत जाऊन पोचले होते.

खाली एकाच ओळीची जागा उरली होती.

तिनं पेनाचं टोपण काढलं. वेळ गेला. खिडकीतलं ऊन टेबलावरून खाली उतरलं. शेवटी तिनं वळणदार, शाळेतल्या मुलीसारख्या अक्षरात लिहिलं. नाव: सेल्मा. नातं: आई. पत्ता: ओळ सात, जागा बारा. फोनच्या रकान्यात आडवी रेघ मारली.

पाकीट चिकटवून तिनं ते कोटाच्या खिशात ठेवलं. खुर्च्या आत सरकवल्या. कोपऱ्यातला झाडू घेतला आणि खिडकीखालून सुरुवात केली. लोकांच्या बुटांची खडी एका बाजूला लोटत, मागं मागं सरकत, आपलं पाऊल जिथं पडेल तिथं झाडू फिरवत ती दारापर्यंत आली.

दार ओढून घेण्याआधी तिनं एकदा आत पाहिलं. फरशीवर कुणी आल्याची खूण नव्हती.