पाठ केलेलं वाक्य

"बाबा, एकच वाक्य बोलायचं. म्हणून दाखवा."

"कार्बनच्या पैशांशिवाय हे वीजघर उभंच राहिलं नसतं." कडू औषध घ्यावं तसं म्हाताऱ्याने तोंड केलं.

मुलीला हायसं वाटलं. धूर ओकणारे कारखाने धुराची किंमत मोजतात आणि तो कार्बनचा पैसा असल्या ओढ्यावरच्या छोट्या वीजघरांना मिळतो. पण ज्यांनी त्याच्या भरवशावरच वीजघर उभारलं, ज्यांचं त्यावाचून अडलं असतं, त्यांनाच. जो आपल्या हिमतीवर उभा राहिला असता, त्याला दमडीही नाही. विजेचा भाव पडल्यापासून कर्जाचे हप्ते थकले होते. आज त्या पैशासाठी येणाऱ्या तपासनीसाने होकार दिला तर बँक थांबणार होती, नाहीतर सोमवारी टर्बाइन भंगारात.

तपासनीस आला. काय गोड माणूस! तिने मांडून ठेवलेल्या फायलींकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ जाऊन टर्बाइनवर हात ठेवला.

"काय आवाज आहे हो, आजोबा! कुठे खडखड नाही. कुणी बसवलं?"

झालं! म्हातारा खुलला. पाइप खांद्यावरून कसे चढवले, पहिला दिवा लागला तेव्हा बायको कशी रडली, सगळं सांगत सुटला. मुलगी दाराशी दोनदा खाकरली, पण त्याचं लक्ष होतं कुठे? इतक्या वर्षांत त्याच्या यंत्राची एवढ्या मायेने विचारपूस कुणीच केली नव्हती. तिनेही नाही.

"आणि समजा, आजोबा," तपासनीसाने सहज विचारलं, "कार्बनचे पैसे मिळणारच नसते, तर?"

वाक्य तो विसरला नव्हता. ओठांवर आलंही होतं. पण यंत्राच्या देखत ते बोलवेना.

"तर काय? घर विकून उभारलं असतं! भीक मागून उभारलं असतं!"

"वा!" तपासनीसाने शब्दन् शब्द उतरवून घेतला आणि कागद पुढे केला. म्हाताऱ्याने ऐटीत सही ठोकली. मुलगी पांढरीफटक पडली.

जाता जाता तपासनीस तिला म्हणाला, "इतर ठिकाणी चार-चार दिवस फायली उपसाव्या लागतात हो. खरं कुणी बोलतच नाही. तुमचे बाबा म्हणजे देवमाणूस!"

ती आत आली. म्हातारा फडक्याने टर्बाइन पुसत होता.

"बघितलंस?" तो हसून म्हणाला. "तुझं ते वाक्य म्हणावंच लागलं नाही."