बोटांवरच्या रेषा

“रेषा राहू द्या म्हणता? रेषा?” फिल्टरमास्तर खुर्चीतून अर्धा उठला. “अहो, लोक माझ्याकडे रेषा घालवायला येतात!”

समोरचा बेकरीवाला ओशाळला. ओशाळणारच, मास्तरपुढे कुणाचं काही चालत नसे. फिल्टरमास्तर हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण पाठीमागे सगळे तेच म्हणत. जुन्या टेपा कॉम्प्युटरवर चढवून द्यायचं त्याचं दुकान होतं. गावात असं दुकान एकच, त्यामुळे रुबाब असा, की जणू व्हिडिओ यानंच शोधून काढला. गिऱ्हाइकाला वाक्य पुरं करू देणं त्याला कमीपणाचं वाटे.

स्क्रीनवर बेकरीवाल्याची आई थबकली होती. जुन्या टेपेत प्रत्येक चित्र दोन अर्ध्या चित्रांचं असतं, एक आधीच्या क्षणाचं आणि एक नंतरच्या. जुन्या टीव्हीवर ते खपून जायचं. कॉम्प्युटर दोन्ही अर्धी एकदम दाखवतो, मग जे हलतं त्यावर आडव्या रेषा उमटतात, कंगव्यासारखे दाते फुटतात. आईचा चेहरा स्वच्छ होता. हातांवर मात्र नुसते दातेच दाते.

“दोन्ही अर्धी सुटी सुटी ठेवता येतात,” मास्तरनं मेहेरबानी केल्यासारखं सांगितलं. “हालचाल शाबूत राहते. पण फाइल होते अगडबंब आणि चित्र दिसतं रुक्ष. अडाणी लोक तसं करतात. मी दोन्ही एकमेकांत मिसळतो आणि वर मऊ फिल्टर लावून मोठ्या स्क्रीनएवढं करतो. लोणी हो, लोणी!”

“पण हात नीट दिसायला हवेत,” बेकरीवाला चाचरत म्हणाला. “ही टेप आईनं ताईसाठी भरली होती. ताई लग्न होऊन लांब गेली, आणि टेप पाठवायच्या आत आईच गेली. इतक्या वर्षांनी परवा कपाटाच्या माळ्यावर सापडली. आई शेवटचं काय म्हणाली, ते ताईला कळायला हवं. आमची आई ना...”

“सगळ्यांच्याच आया थोर असतात हो! आणि म्हणाली कसली? आवाज कुठाय? नुसता पंखा घरघरतोय. माइक बंद राहिला असणार. कुणाच्याही हातात कॅमेरा दिला की हे असं होतं.”

“आवाजाचं राहू द्या, त्याचं काही नाही. मी काय म्हणतो...”

“तुम्ही काही म्हणू नका. तुमच्या भट्टीपाशी येऊन मी सांगतो का, पाव किती भाजायचा ते?”

बेकरीवाला गेला. जाताना दारात परत वळला, तोंड उघडलं, मिटलं, आणि पायऱ्या उतरला. त्याचंही चुकलंच म्हणा. अशा माणसापुढे ओरडायला हवं होतं. पण चार लोकांत ओरडायची सवय कुणाला असते?

मास्तरनं मग मन लावून काम केलं, हे मान्य करायला हवं. शहाणपण नसलं तरी कष्ट होते. मिसळायचे चार फिल्टर लावून पाहिले, त्यातला सगळ्यात मऊ निवडला. मोठं करायलाही तसाच मऊ. आवाज उडवून टाकला. हातांचे दाते गेले, आईच्या गालावरची सुरकुती न् सुरकुती विरघळली, आणि मास्तर स्वतःवरच खूश झाला.

दोघं भाऊबहीण आली तेव्हा त्यानं खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या.

“नशीबवान आहात. टेप जेमतेम एकदा चालली, नंतर तिची भुकटीच झाली. बघा हातात घेऊन,” तो म्हणाला. “कच्ची फाइल मी ठेवत नसतो. जागा खाते. आता जे काही आहे ते हेच. पाणी घेणार, ताई?”

ताईनं मान वळवली नाही. डोळे काळ्या स्क्रीनवर. मास्तरला राग आला. भाऊ निदान गरीब गाय आहे, बहिणीला भलताच ताठा, असं त्याला वाटलं. बेकरीवाला म्हणाला, “अहो, तिला...” पण तोवर मास्तरनं व्हिडिओ लावला होता.

आई दिसली. काय देखणी दिसली! ताईच्या डोळ्यांत पाणी तरारलं आणि मास्तरनं बेकरीवाल्याकडे बघून भुवई उडवली. कोण बरोबर होतं, सांगा आता!

आईनं हात उचलले. हात कसले, तव्यावरची वाफ! एका बोटातून दुसरं बोट निघत होतं, तिसरं उमटायच्या आत विरत होतं. ताई पुढे सरकली. आणखी पुढे सरकली. मग तिनं पर्समधून रुमाल काढला आणि स्क्रीन पुसली.

“स्क्रीन साफच आहे बाई,” मास्तर हसला.

ताईनं पुन्हा पुसली. आई मन लावून हात हलवत होती, मधेच हसत होती, एकदा तिनं छातीवर हात ठेवला. तेवढाच एक हात स्थिर होता म्हणून दिसला.

ताई भावाकडे वळली. तिचे हात वर आले आणि भराभर चालू लागले. एकेक बोट वेगळं, एकेक वळण लख्ख. तोंडातून अवाक्षर नाही. भाऊ त्या हातांकडे बघत होता.

मास्तरचं हसू जागीच वाळलं. त्यानं स्क्रीनकडे पाहिलं, ताईच्या हातांकडे पाहिलं, पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं.

“काय... काय म्हणतायत त्या?” त्यानं विचारलं, आणि पहिल्यांदाच समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत गप्प राहिला.

“ती विचारतेय,” बेकरीवाला म्हणाला, “आई कधी पुटपुटत नसे. मग आजच अशी का पुटपुटतेय?”