भांडा बघू!

शाळेत बाईंनी वाचायला दिलेली परग्रहवासीयांची भयकथा टिल्लीला मुळीच भावली नाही. त्यातले परग्रहवासी माणसांचं हुबेहूब रूप घेऊन घराघरात शिरतात आणि त्यांना ओळखायची खूण एकच, त्यांना भांडता येत नाही. 'गोड बोलणाऱ्यांना कोण घाबरतं?' असा अभिप्राय लिहून ती मोकळी झाली.

पण त्याच आठवड्यात घरात तिला काहीतरी खटकायला लागलं. ज्या आईबाबांचं साध्या चमच्यावरूनही वाजायचं, ते एकमेकांना "राहू दे, मी करतो," "तू आधी जेवून घे" म्हणत होते. टिल्लीच्या मनात पाल चुकचुकली.

खात्री करून घ्यायला तिने बाबांचा ओला टॉवेल मुद्दाम आईच्या उशीवर टाकला. एरवी एवढ्यावरून दोघांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आईने तो उचलला, झटकला आणि निमूटपणे वाळत घातला. बाबा तर, आपण टाकलेला नसतानाही, चक्क "सॉरी" म्हणाले.

टिल्लीच्या अंगावर सर्रकन काटा आला. भिंतीला पाठ लावून ती ओरडली, "खरं सांगा, कोण आहात तुम्ही? माझे आईबाबा असे नाहीत! भांडा बघू!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाबा तिच्यासमोर खाली बसले. "आता नाही गं भांडणार आम्ही. सगळं ठरलंय."

 

मग आईने आणखीच गोड आवाजात विचारलं, "टिल्ले, तुला आमच्यापैकी कुणाकडे राहायला आवडेल?"