शेखच्या तंबूतला पेला

डॉक्टर वझ्यांनी कॉफीचा पेला न पिताच गालिच्यावर ठेवला आणि अरब शेखच्या तंबूतले सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

मी परकार, दाभोळचा, इंग्रज साहेबाचा दुभाष्या; डॉक्टर आमच्याच पलटणीचे. तुर्कांशी लढाई जुंपायच्या आत शेखला इंग्रजांकडे वळवायचं म्हणून साहेब तीन दिवस फौज मागत होता, आणि शेख नुसती कॉफी पाजत होता.

“पाहुण्याने पेला ठेवला म्हणजे त्याला काही मागायचंय,” शेख म्हणाला. “माग. मी कबूल केल्याशिवाय तू पिणार नाहीस.”

ते मी साहेबाला इंग्रजीत आणि डॉक्टरांना मराठीत सांगितलं, तसे डॉक्टर हबकले. “अहो परकार, माझी निर्जळी एकादशी आहे!”

“फौज मागायला सांग,” साहेब माझ्या दुसऱ्या कानात पुटपुटला.

डॉक्टर माझ्याकडे वळले. “सांगा त्यांना, लढाई झालीच, तर जखमी कुणाकडचाही असो, तुमच्या विहिरींवर त्याला पाणी मिळावं.”

 शेख छातीवर हात ठेवून म्हणाला, “दिलं. आता पी.”

डॉक्टरांनी काय मागितलं ते मी इंग्रजीत सांगताच साहेबाने कपाळाला हात लावला. डॉक्टरांनी डोळे मिटले, “देवा, सांभाळून घे,” म्हणाले आणि एका घोटात उपास मोडला.